मांडीवरचे मूल आणि फटफटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयास उभे राहिले म्हणजे काही तरी गोड बोलावे, असा रिवाज आहे. अशा आनंदाच्या दिवशी मी फटफटीचा विषय काढला म्हणून पुष्कळजणींना नवल वाटेल. चिटणीसबाईंनाही वाटले की मी थट्टाच करते आहे. त्या म्हणाल्या, "अहो, हा तर पुरुषांचा विषय!" मी म्हटले, "बाई, फटफटी पुरुषांची असेल. पण तिच्यावर बसलेले मूल कोणाच्या मांडीवर असते?" त्यावर त्या गप्प राहिल्या, आणि विषय पत्रिकेत छापला गेला.

संध्याकाळी लालबागला भारतमाताच्या चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहा. यजमान गाडी चालवीत आहेत. मोठे मूल पुढे उभे किंवा टाकीवर बसलेले. मागे सौभाग्यवती, एका बाजूला पाय सोडून; तिच्या मांडीवर धाकटे, खांद्याला पिशवी, एक हात पदराला आणि एक हात मुलाला. स्वतःला धरावयास हात उरलेलाच नाही. गाडीवर जीव चार आणि हेल्मेट एक. तेही कमावत्या माणसाच्या डोक्यावर. का, तर चौकात पोलीस उभा आहे. म्हणजे आपण डोके सांभाळतो ते पोलिसासाठी. आणि ज्या डोक्यांची पोलीस फारशी मोजदाद करीत नाही, ती उघडीच राहतात.

मी हे इतरांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आमच्या घरीही हेच चालत आले. १९७२ साली बजाजची चेतक निघाली. तिचा नंबर लागावयास लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमची स्कूटर घरी आली तेव्हा चाळीत पेढे वाटले होते. आमचा मुलगा पुढे उभा राहून हँडल धरी आणि तोंडाने हॉर्न वाजवी. शेजारीपाजारी कौतुक करीत. त्या कौतुकात, ब्रेक लागला तर त्याची हनुवटी कोठे आपटेल, हा विचार आमच्या मनाला शिवला नाही. काही झाले नाही, हे आमचे नशीब. पण नशिबाला आम्ही शहाणपण समजलो, आणि तेच शहाणपण पुढच्या पिढीला दिले.

त्याचे फळ २०२१ साली मिळाले. नायगावला एका नात्यातले बारसे होते. परळहून नायगाव ते किती लांब! मुलगा आणि सून गाडीवरून निघाले; तीन वर्षांचा नातू आईच्या मांडीवर. सून दाराशी थांबून म्हणाली, "आई, याच्यासाठी काही तरी डोक्याला हवं होतं." मी म्हटले, "अगं, दोन मिनिटांचा रस्ता. तूही ते हेल्मेट घालू नकोस, केस विस्कटतील. मांडीवर घट्ट धर म्हणजे झालं."

ते दोन मिनिटांतच झाले. उभ्या टॅक्सीचे दार एकाएकी उघडले. मुलाने ब्रेक दाबला. गाडीचा वेग वीस-पंचवीसच्या वर नसेल. सून पुढे आदळली आणि नातू तिच्या मांडीवरून निसटून रस्त्यावर गेला. तिच्या हातात त्याच्या सदऱ्याची कड तेवढी राहिली. भुवईच्या वर पाच टाके पडले. पोराला दोनदा उलटी झाली, म्हणून रात्रभर इस्पितळात ठेवून घेतले; परिचारिका मधूनमधून त्याला उठवून नाव विचारीत होती, आणि तो नाव सांगेपर्यंत आम्हा तिघांचा श्वास थांबत होता. तो बरा झाला. खूण तेवढी राहिली आहे. सुनेने मला आजवर एका शब्दानेही बोल लावलेला नाही. तो तिचा मोठेपणा. पण "घट्ट धर म्हणजे झालं" हे माझे शब्द मी अजून विसरलेली नाही.

भगिनींनो, आज मला एवढेच सांगावयाचे आहे की हे वाक्य खोटे आहे. आईची माया खोटी नव्हे, पण तिच्या हाताचा जोर अपुरा आहे. आमचा एक भाचा शाळेत शास्त्र शिकवतो. त्याने मला कागदावर हिशेब करून दाखविला. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दुसऱ्या वाहनावर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी शंभर किलोहून अधिक ओझे पेलण्याइतका जोर लागतो. म्हणजे क्विंटलभर तांदळाचे पोते, आणि तेही एका हाताने! आपल्यापैकी कोणाचा हात एवढा बळकट आहे?

दुसरा हिशेब याहून सोपा आहे. त्याच चाळीसच्या वेगाने कोठे आपटणे म्हणजे सुमारे वीस फुटांवरून खाली पडणे. आपल्या गिरगावच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून पडावे तसे. वेग निम्मा, म्हणजे वीस केला, तर तेच पडणे पाच फुटांवर येते. वेग निम्मा आणि मार चौथाई, हे लक्षात ठेवा. आता मला सांगा, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर मूल बसवून "मी धरलंय ना" असे कोणती आई म्हणेल? मग गाडीवर आपण ते कसे म्हणतो?

लहान मुलाचे शरीरही आपल्यासारखे नसते. जन्मतः बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथाईइतके असते, आणि मानेत बळ नसते. म्हणून पडताना बहुधा डोकेच आधी खाली जाते. शिवाय मूल गाडीवर झोपते. दादरच्या बाजारातून रात्री परतताना कितीतरी मुले पेंगत मागे कलंडलेली मी पाहिली आहेत. पुढे उभे केलेले मूल खेळता खेळता ॲक्सिलरेटर पिळते. उतरताना पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागते, आणि संक्रांतीच्या दिवसांत मांजा आडवा आला तर तो आधी पुढच्या मुलाच्या गळ्याला लागतो. नायलॉनच्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि तारांवर लोंबकळताना दिसतोच.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगते, कारण तो पुष्कळजणींना ठाऊक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. अपवाद फक्त पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांचा. हेल्मेट नसेल तर एक हजार रुपये दंड आणि परवाना तीन महिने रद्द. मुंबईत मागे बसणाऱ्यांवरही जून २०२२ पासून कारवाई सुरू झाली. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला केंद्र सरकारने लहान मुलांसाठी वेगळा नियम काढला आणि तो एक वर्षानंतर लागू केला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला गाडीवर नेताना त्याच्या अंगात पट्ट्यांचे जाकीट हवे. त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकवावयाचे. ते तीस किलोपर्यंत वजन पेलणारे हवे. मुलाच्या डोक्याला बरोबर बसणारे हेल्मेट हवे. त्या वयाला सायकलचे दर्जेदार हेल्मेटही चालते. आणि वेग चाळीसच्या वर नको.

आणखी एक गोष्ट. चालवणाऱ्याखेरीज गाडीवर एकच माणूस बसावे, असे कायदा म्हणतो. नवरा, बायको आणि मूल हे कायद्याच्या दृष्टीने तिघे होतात. मुलाला मोजू नये अशी विनंती केरळ सरकारने २०२३ साली केली होती. केंद्राने ती मानली नाही. हे ऐकून सभेत कुजबुज होणार, हे मला ठाऊक होते!

कोणी म्हणेल, "बाई, बोलणे सोपे आहे. मोटार घेण्याची ऐपत नाही. रिक्षा माहीम-शीवच्या अलीकडे येत नाही. टॅक्सीवाला जवळचे भाडे नाकारतो. बेस्टचे किमान भाडे २०२५ च्या मे महिन्यात पाचाचे दहा झाले. लोकलमध्ये कडेवरच्या मुलाचा जीव गुदमरतो. एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाला, तेव्हापासून परळहून पलीकडे जाताना वेळेचा हिशेबच लागेना. मग गाडीवाचून आम्ही करावे काय?" हे सगळे खरे आहे. गाडी ही आपल्या घरांची चैन नव्हे, गरज आहे. पण म्हणूनच मुलाचे डोके झाकणे ही तिच्यातच मोडणारी गरज आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. हेल्मेट नसताना गेलेली दुचाकीवरची माणसे ५०,०२९. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेली होती. आणि मागे बहुतेक वेळा कोण बसते, ते मी सांगावयास नको.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. नऊ महिन्यांखालील बाळाला गाडीवर नेऊच नये. लस टोचावयाची असो की देवदर्शन असो. त्या दिवशी टॅक्सीचे पैसे बाजूला काढावे, किंवा पायी जावे. गिरगाव ते दादर जमिनीखालची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली आहे. ज्यांना ती सोयीची आहे त्यांनी तिचा उपयोग करावा. बाळ मोठे झाले की जाकीट आणि हेल्मेट याशिवाय त्याला गाडीवर चढवू नये. बापाचे हेल्मेट मुलाला घालू नये. ते डोळ्यांवर येते आणि पडताना निघून जाते. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. मूल पुढे उभे करू नये. गाडीच्या मागच्या चाकाला जाळी आहे की नाही ते पाहावे. ती पदर आणि ओढणी चाकात जाऊ नये म्हणून नियमानेच असते, पण पुष्कळ तरुण मंडळी दिसावयास बरे म्हणून ती काढून टाकतात. आणि आता आपल्यापैकी पुष्कळजणी स्वतःच स्कूटर चालवून मुलांना शाळेत सोडतात. त्यांना तर "यजमान ऐकत नाहीत" ही सबबही उरलेली नाही!

शेवटी मंडळाला एक सूचना. दर संक्रांतीला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि वाट्या लुटतो. प्रत्येकीच्या घरी त्यांचा ढीग झाला आहे. यंदा ते पैसे एकत्र करून मंडळाने मुलांची चांगली हेल्मेटे आणि चार-पाच जाकिटे घ्यावी. ग्रंथालयाच्या पुस्तकासारखी ती वहीत नोंदवून घरोघर द्यावी. मुले भराभर वाढतात. एकीच्या मुलाला लहान झालेले दुसरीच्या मुलाला होईल. आत धुतलेली सुती टोपी घालावी म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. जे हेल्मेट एकदा आपटले ते मात्र परत कपाटात ठेवू नये, मोडून टाकावे. पहिल्या हेल्मेटाचे पैसे मी आज चिटणीसबाईंकडे देत आहे.

आमचा नातू आता गाडीवर बसण्यापूर्वी स्वतःच पट्टा लावतो आणि मग माझ्याकडे पाहून विचारतो, "आजी, तुझं कुठंय?" या वयात आता मलाही ते घालावे लागते. केस विस्कटतात. विस्कटू देत.