भिंत आहे, जोडीदारीण हवी





सांगली संस्थानच्या पटवर्धनांच्या काळात आमचं शहापूर हे गाव बेळगावला खेटून असूनही वेगळ्या राज्यात होतं. मधे एक रस्ता, अलीकडे संस्थान आणि पलीकडे इंग्रजांची छावणी. हे गाव विणकरांचं. शहापूर, खासबाग, वडगाव या पट्ट्यात मागाचा आवाज ऐकत पिढ्या वाढल्या आणि शहापुरी साडीने हे नाव दूरवर नेलं. माग घरातल्या पुरुषाच्या नावावर राहिला, पण कांड्या भरायला घरातल्या बायकाच बसायच्या. आमच्या भागातल्या बायकांचे हात, खांदे आणि पाठ कष्टाला कधी कमी पडली नाही. खेळण्याची सवड मात्र त्यांच्या वाट्याला फार थोडी आली. ती सवड मिळवून कशी द्यायची हे ठरवायला आपण आज या संमेलनात जमलो आहोत, आणि त्यासाठी आपण स्क्वॉश हा खेळ निवडला आहे.

गेले काही दिवस मला एकच प्रश्न विचारला जातोय. ‘बाई, शहापुरात स्क्वॉश कशाला? खो-खो आहे, कबड्डी आहे, ज्युदो आहे, तेच करा की.’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर देणं माझं काम आहे.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत आले. खो-खोत वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुली मी पाहिल्या. आठवी-नववीपर्यंत त्या मैदानावर असतात. दहावीचं वर्ष आलं की खेळ थांबतो, पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. त्यांची ताकद कुठे जात नाही, इच्छाही जात नाही. पण खो-खोला एका बाजूने नऊ जणी लागतात, कबड्डीला सात. तिशीतल्या बाईने संध्याकाळी सहा वाजता नऊ मैत्रिणी कुठून गोळा करायच्या? एकीचं मूल आजारी असतं, दुसरीची सासू, तिसरी पुण्याला गेलेली असते. स्क्वॉशला फक्त एक जण लागते. समोर भिंत, हातात रॅकेट आणि शेजारी एक जोडीदारीण, एवढ्यात चाळीस मिनिटांत घाम निथळतो. जगात या खेळाच्या प्रौढांच्या स्पर्धा पस्तिशीपासून पुढे वयोगट पाडून होतात, त्यात पन्नाशी-साठीतल्या स्त्रिया उतरतात. शाळा सुटली तरी न सुटणारा खेळ म्हणून मी याच्या बाजूने उभी आहे.

आता जागा. स्क्वॉशचं कोर्ट 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद, म्हणजे 32 बाय 21 फूट. बायकांच्या कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटर असतं, हे कोर्ट त्याहूनही लहान. आमच्या बोळाबोळांच्या गावात ही मोठी सोय आहे. शिवाय वर छप्पर असतं. बेळगावचा पाऊस बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टात आमच्या मैदानांवर चिखल होतो आणि मुलींचा सराव दोन-दोन महिने बंद पडतो. दसऱ्याच्या सुमारास स्पर्धा आल्या की त्यांचा दम तुटलेला असतो.

आणखी एक कारण आहे, ते मोकळेपणाने सांगते. तेरा-चौदा वर्षांच्या मुली मैदान सोडतात त्याचं एक मोठं कारण कठड्यावर बसून बघणारी टोळकी हे आहे. चार भिंतींच्या आत ते डोळे पोचत नाहीत. मात्र बंद खोली आपोआप सुरक्षित होत नाही. मागची भिंत काचेची हवी, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसेल. सरावाच्या वेळी एक जबाबदार बाई हजर हवी. कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह कोर्टाबरोबरच बांधायला हवं. या तीन गोष्टी नसतील तर मी माझ्या मुलीला तिथे पाठवणार नाही, तुम्हीही पाठवू नका.

कुणी म्हणेल, हा तर साहेबांचा खेळ. ते खरंच आहे. इंग्लंडमधल्या हॅरो शाळेत हा खेळ आकाराला आला आणि भारतात तो छावण्या आणि जिमखान्यांच्या वाटेने आला. ज्यांना क्लबाचं सदस्यत्व परवडलं, त्यांच्या मुली खेळल्या. अलवारच्या राजघराण्यातल्या भुवनेश्वरी कुमारी यांनी 1977 ते 1992 अशी सलग 16 वर्षं राष्ट्रीय विजेतेपद सोडलं नाही. पण नेमबाजीही एकेकाळी संस्थानिकांचीच होती ना? आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं आणि राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आज कोल्हापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलीला कुणी ‘हा आपला खेळ नव्हे’ असं म्हणत नाही. आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने त्याच 2018 च्या स्पर्धेत कुराश या खेळात कांस्यपदक आणलं, तेव्हा कुराश हा शब्द तरी आपल्यापैकी किती जणांनी ऐकला होता? पदक घरी आल्यावर तो खेळ आपला झाला.

बायकांचं या खेळातलं स्थान उसनं नाही, हेही सांगते. ब्रिटिश ओपन ही स्क्वॉशची सर्वांत मानाची जुनी स्पर्धा. बायकांची ब्रिटिश ओपन 1922 मध्ये सुरू झाली, पुरुषांची त्यानंतर काही वर्षांनी. ऑस्ट्रेलियाची हेदर मॅके 1962 ते 1977 अशी सलग 16 वेळा ती जिंकली. ती स्क्वॉशकडे वळली होती हॉकीसाठी दम वाढावा म्हणून. हे मी मुद्दाम सांगते, कारण 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले बंडू पाटील आपल्या बेळगावचे. हॉकी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींनो, तुमचा खेळ सोडून या असं मी म्हणत नाही. तो पक्का करायला या.

आपल्या देशातला इतिहास तर आपण पाठच करावा असा आहे. मूळ कोडगूची, म्हणजे आपल्याच राज्यातली, आणि चेन्नईत घडलेली जोश्ना चिनप्पा 2000 मध्ये, चौदाव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. 2019 च्या जून महिन्यात तिने 17 वं विजेतेपद मिळवून भुवनेश्वरी कुमारींचा विक्रम मागे टाकला, तो पुण्यात. त्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर महाराष्ट्राची उर्वशी जोशी होती आणि पहिला गेम उर्वशीने घेतला होता. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तिथली आकांक्षा साळुंखे आज भारताकडून खेळते. म्हणजे हा खेळ आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती दीपिका पल्लीकलची गोष्ट. 2012 मध्ये ती जगातल्या पहिल्या दहा जणींत पोचली, असं करणारी पहिली भारतीय स्त्री. आणि त्याच काळात तिने राष्ट्रीय स्पर्धेत खेळणं थांबवलं. कारण साधं होतं. पुरुष विजेत्याला जास्त बक्षीस आणि स्त्री विजेतीला कमी. दीपिका वर्षामागून वर्ष बाहेर राहिली. आपल्या बहराची वर्षं अशी घालवणं खेळाडूला किती जड जातं, हे खेळलेल्या माणसालाच कळेल. 2016 मध्ये दोन्ही बक्षिसं सारखी झाली, ती परत आली आणि विजेतेपद घेऊन गेली. पुढे 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तिला जुळी मुलं झाली. 2022 च्या एप्रिलमध्ये ग्लासगोला जागतिक दुहेरी स्पर्धेत ती जोश्नाबरोबर महिला दुहेरी आणि सौरव घोषालबरोबर मिश्र दुहेरी अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली. बाळंतपणानंतर खेळ संपला असं ज्या घरात म्हटलं जातं, त्या घरात हे अवश्य सांगा. आणि आपल्या गावातल्या यात्रा-जत्रांतल्या स्पर्धांच्या संयोजकांनाही सांगा. मुलींच्या गटाला कप आणि मुलांच्या गटाला रोख रक्कम ही पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती बंद व्हावी, हा ठराव या संमेलनात यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

जोश्ना आणि दीपिका एकट्या उगवल्या नाहीत. चेन्नईत अकादमी उभी राहिली, प्रशिक्षक मिळाले आणि एकमेकींशी रोज खेळून एकमेकींना घडवणाऱ्या मुली एका जागी आल्या. 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्या दोघींनी दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, ते स्क्वॉशमधलं भारताचं पहिलं राष्ट्रकुल पदक. 2025 च्या डिसेंबरात चेन्नईतच भारताने स्क्वॉशचा विश्वचषक जिंकला. मिश्र संघांच्या या स्पर्धेत आपल्याकडून खेळलेल्या दोन स्त्रिया होत्या 39 वर्षांची जोश्ना आणि 17 वर्षांची अनाहत सिंग. आई आणि मुलीइतकं अंतर, आणि एकच संघ. इजिप्तच्या मुली आज जगावर राज्य करतात, त्यांच्या कैरो-अलेक्झांड्रियाच्या क्लबांतही हेच चालतं. लहान-मोठ्या सगळ्या एकाच कोर्टावर एकमेकींशी खेळतात आणि धाकटी थोरलीला पाहत शिकते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कोर्टाच्या आधी आपण मंडळ उभं करावं. कोर्ट बांधायला पैसा लागेल, वेळ लागेल, सरकारदरबारी खेटे घालावे लागतील. तोवर थांबायची गरज नाही. शाळेच्या सभागृहाची गुळगुळीत भिंत, खडूने आखलेली सर्व्हिसची रेषा जमिनीपासून 1.78 मीटरवर, आणि नवशिक्यांसाठी मिळणारा जास्त उसळणारा चेंडू, एवढ्यावर फटका शिकता येतो. मोठ्या स्पर्धेतला दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू सुरुवातीला आणू नका. तो तापल्याशिवाय उसळत नाही आणि नवीन मुलगी निराश होते. मात्र मुलीच्या शेजारी रोज येणारी दुसरी मुलगी नसेल तर संगमरवरी कोर्ट बांधूनही ते पाखरांच्या ताब्यात जाईल.

आणि बायकांना एकत्र यायला आपल्या भागात कुणी शिकवावं लागत नाही. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी घालताना नव्या सुनेपासून आजीपर्यंत सगळ्या एका रिंगणात येतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका मजुरीसाठी आणि मानासाठी एकत्र उठल्या, त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने 1982 मध्ये माहितीपट केला. त्या निपाणीच्या लेकी-नाती आज या मंडपात बसल्या आहेत, त्यांचं मी वेगळं स्वागत करते. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या आपल्या गावांनी लोकवर्गणीतून साहित्य संमेलनं भरवली. मंडप, जेवणं, पाहुण्यांची उतरण्याची सोय हे सगळं गाव करतं. ज्या गावांना पुस्तकासाठी एवढं करता येतं, त्यांना मुलींच्या एका कोर्टासाठी करता येणार नाही, हे मला पटत नाही.

आपण सीमाभागात राहतो. इथून बेंगळुरू पाचशे किलोमीटर, कोल्हापूर शंभराच्या आसपास, निपाणीहून तर चाळीस. मुलीला चांगला प्रशिक्षक ज्या दिशेला मिळेल त्या दिशेला तिने जावं, आपण तिच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय बघावी. आपल्या शेजारच्या कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या मुलींनाही या मंडळाचं दार पहिल्या दिवसापासून उघडं असेल. जोडीदारीण शोधताना गल्ली जवळची हवी आणि वेळ जुळायला हवी, एवढंच आपण पाहू.

16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात स्क्वॉशला 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. ज्या खेळाला ऑलिंपिकचं दार इतकी वर्षं बंद होतं, त्याला ते आपल्या मुंबईत उघडलं. सरकारं, शाळा, देणगीदार आता या खेळाकडे बघू लागतील. ते इकडे बघतील तेव्हा शहापुरात खेळणाऱ्या बायका दिसल्या पाहिजेत, तरच कोर्ट मागता येईल.

स्वागत समितीच्या भगिनी महिनाभर घरचं सांभाळून राबल्या आहेत. काही उणं राहिलं असेल तर माझ्याकडे हक्काने बोला. दुपारच्या सत्रात रॅकेट हातात देऊन भिंतीवर खेळायची सोय केली आहे. साडी नेसून आलेल्यांनीही यावं, पायात पांढऱ्या रबरी तळाचे बूट असले म्हणजे झालं. मंडपाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपलं नाव, आपली गल्ली आणि दिवसातली आपल्याला मोकळी असलेली वेळ लिहा. सकाळची सहाची असो, दुपारची तीनची असो. एका वेळेच्या दोघी सापडल्या की त्यांना आम्ही एकमेकींच्या घरी पाठवू. आज घरी जाण्याआधी त्या वहीत तुमचं नाव लिहूनच जा, आणि शेजारणीचंही तिला विचारून लिहा.