टिकून राहणाऱ्या माणसाचा पगार



पोरांमधल्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या लहान संस्थांच्या पुण्यातल्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे. आपल्या बैठकांमध्ये तो नेहमी शेवटी, चहाच्या आधी उरकला जातो. तो विषय म्हणजे कार्यकर्त्याचा पगार. बालमनाचं मानसशास्त्र, कायदा, पोलीस, समाजमाध्यमं या सगळ्यांवर दोन दिवस सत्रं आहेत आणि ती तज्ज्ञ मंडळी घेणार आहेत. पण वस्तीत उभा राहणारा माणूस टिकला नाही, तर त्या सत्रांतलं काहीही वस्तीपर्यंत पोचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुण्यात २०२२-२३ पासून ‘कोयता गँग’ हे शब्द वर्तमानपत्रांत रोजचे झाले. त्या नावाची एकच एक टोळी कधीच नव्हती. होती ती वेगवेगळ्या वस्त्यांमधली पंधरा ते बावीस वयाची पोरं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहिले तर देशात दरवर्षी तीस हजारांच्या आसपास गुन्हे अल्पवयीन मुलांवर नोंदले जातात, आणि त्यांत महाराष्ट्र वरच्या राज्यांत आहे. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी बहुतेक सोळा ते अठरा वयाची असतात. मला त्या तक्त्यांमधली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. यांतली बहुसंख्य मुलं आईवडिलांजवळ राहणारी असतात. ती रस्त्यावर वाढलेली किंवा अनाथ नाहीत. त्यांना घर आहे, घरात आई आहे, आणि ती आई सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडलेली आहे.

‘मॅटर’, म्हणजे पोरांच्या दोन गटांतलं भांडण, कसा घडतो हे तुम्हाला सांगायला नको, पण आज सभागृहात देणगीदार संस्थांचे प्रतिनिधीही आहेत, म्हणून सांगते. चौकात एकाने दुसऱ्याकडे खुन्नसने बघितलं. दुसऱ्याच्या मित्रांनी त्याला डिवचलं, ‘तुझ्याकडे बघतो आणि तू गप्प?’ रात्री स्टेटस पडलं, त्यावर मागे गाणं, पुढे बोट दाखवणारा फोटो. समोरच्या गटाने त्याहून कडक स्टेटस टाकलं. आता भांडण दोघांचं राहिलेलं नाही, अख्खी वस्ती ते बघते आहे, आणि सगळ्यांसमोर मागे हटणं सोळा वर्षांच्या मुलाला मरणाहून अवघड वाटतं. मग कुणीतरी कोयता आणतो. शेतीचं अवजार आहे, आठवडी बाजारात सहज मिळतं. पुढे तोंडाला रुमाल, दुचाकीवर तिघे, आणि सगळ्यात आधी फुटतात त्या गल्लीत लावलेल्या रिक्षांच्या काचा. त्या रिक्षावाल्यांचा या भांडणाशी सुतराम संबंध नसतो. नशीब असेल तर काचांवर भागतं.

यांतली बरीच पोरं भीतीपोटी कोयता जवळ ठेवतात. समोरच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवा. हे त्यांच्याशी बसून बोलल्यावर कळतं, पंचनाम्यात ते लिहिलेलं नसतं.

खुन्नसपासून कोयत्यापर्यंत काही तास जातात, कधी दोन-तीन दिवस जातात. आपलं सगळं काम त्या वेळात आहे. त्या वेळात पोलीस सहसा येत नाहीत, कारण अजून गुन्हा घडलेला नसतो. शिक्षक येऊ शकत नाहीत, कारण पोराने नववीतच शाळा सोडलेली असते. येऊ शकतो तो फक्त असा माणूस, ज्याच्या मोबाइलमध्ये दोन्ही गटांच्या पोरांचे नंबर आहेत, ज्याला ते स्टेटस दिसतं, आणि ज्याने दार वाजवल्यावर आई ‘या दादा’ म्हणते. तो जाऊन काय करतो? कुणाला वाटेल समुपदेशन. प्रत्यक्षात तो एका पोराला रातोरात आत्याच्या गावी पाठवतो. दुसऱ्याच्या मोठ्या भावाला कामावरून बोलावून घेतो. वस्तीतल्या मंडळाच्या ज्या जुन्या कार्यकर्त्याचा शब्द दोन्हीकडे चालतो, त्याला मध्ये घालतो. आणि स्टेटस दोघांनी एकाच वेळी काढावं, म्हणजे कुणीच हरल्यासारखं दिसणार नाही, अशी तोड काढतो. हे कौशल्याचं काम आहे. ते तीन दिवसांच्या प्रशिक्षणात येत नाही, त्याच वस्तीत वर्षानुवर्षं राहून येतं.

हे आपणच म्हणतो असं नाही. शिकागोत गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगतज्ज्ञाने २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क भागात काम सुरू केलं. त्यांनी आफ्रिकेत क्षयरोग आणि कॉलऱ्याच्या साथींवर काम केलं होतं, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे हिंसाही साथीसारखीच पसरते, हे त्यांनी मांडलं. त्यांनी कामावर घेतलेली माणसं त्याच गल्ल्यांमधली होती, त्यांतली बरीच पूर्वी टोळीत राहिलेली, तुरुंगात जाऊन आलेली. सूड घ्यायला निघालेल्याला ओळखीच्या बळावर थांबवणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा त्यांना रीतसर पगार मिळे. २०१५ साली इलिनॉय राज्याचा अर्थसंकल्प राजकीय भांडणात अडकला, निधी थांबला आणि बहुतेक भागांतलं काम बंद पडलं. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले. एवढी वाढ एकाच कारणाने होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही वर्षानुवर्षं जोडलेली माणसं एका झटक्यात घरी पाठवली की काय गमावलं जातं, याचा विचार करताना मला ते वर्ष आठवतं.

ग्लासगोची गोष्ट वेगळी आहे. तिथे २००५ साली पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी एक स्वतंत्र कक्ष उभारला. जॉन कार्नोकन हे पोलीस अधिकारी आणि कॅरिन मॅक्लस्की या विश्लेषक असे दोघे त्यामागे होते. २००८ मध्ये त्यांनी टोळ्यांतल्या मुलांना न्यायालयाच्या दालनात बोलावलं आणि जखमा शिवणाऱ्या डॉक्टरांना आणि मुलगा गमावलेल्या आईला त्यांच्यासमोर बोलायला लावलं. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याच्यासाठी शिक्षण आणि नोकरीची वाट तयार ठेवली होती. पुढे तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागातच कार्यकर्ते नेमले गेले. पोटात सुरा लागलेला मुलगा खाटेवर पडलेला असतो, घाबरलेला असतो, ऐकायच्या मनःस्थितीत असतो. बाहेर त्याचे मित्र बदल्याची तयारी करत असतात. त्या वेळी त्याच्या शेजारी योग्य माणूस बसलेला असला तर पुष्कळ काही वाचतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे व्हायला हवं, आणि ते आपण लहान संस्थांनी मागायला हवं.

आपल्याकडेही परंपरा आहे. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने रोज संध्याकाळच्या शाखेवर पिढ्या घडवल्या, कारण मुलाला ठाऊक असे की उद्याही तोच दादा, तीच ताई त्याच मैदानावर भेटेल. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी इथेच येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे पुढे स्वतःच इतरांना हात देत आली आहेत. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायाशी फुटबॉल दिला, ‘झुंड’ चित्रपटाने ते घराघरांत पोचवलं. पडद्यावर एक चुरशीचा सामना दिसतो. सामन्याआधी आणि सामन्यानंतर रोज मैदानावर येणारा माणूस मात्र एका चित्रपटात दाखवता येत नाही.

आता पैशांकडे येते. आपल्या संस्था संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. दरवर्षी लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयात हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि प्राप्तिकर सवलतीची नोंदणी आता ठरावीक वर्षांनी नव्याने. हे सगळं हवंच, लोकांचा पैसा आहे. पण मोठ्या संस्थेत यासाठी लेखा विभाग असतो, आपल्याकडे तोच कार्यकर्ता दुपारी व्हाउचर लावतो आणि रात्री वस्तीत जातो. कंपनी कायदा २०१३ मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हे चांगलंच झालं. मात्र तो पैसा वर्षाच्या हिशेबाने येतो, चालू प्रकल्प म्हटला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत संपवावा लागतो. चौदा वर्षांचा मुलगा अठराच्या पुढे जाऊन मार्गी लागेपर्यंत त्याच्याजवळ राहायचं तर हे गणित पुरत नाही.

आणि पैसा येतो कशासाठी? रॅलीसाठी, टी-शर्टांसाठी, पथनाट्यांसाठी, शाळाशाळांतून दिल्या जाणाऱ्या शपथेसाठी. फोटो येतो, लाभार्थ्यांची संख्या येते. कार्यकर्त्याचा पगार मागितला की तो प्रशासकीय खर्चात धरला जातो आणि कापला जातो. देणगीदार मित्रांना मी आदराने सांगते, आमच्या कामात पगार हाच कार्यक्रम आहे. सामान पोचवणाऱ्या कंपनीच्या दुचाकीवर ज्या मुलाला दुप्पट पैसे मिळू शकतात, तो आमच्याकडे राहतो ते वस्तीवरच्या मायेपोटी. लग्न झालं, घरभाडं वाढलं की ती माया पुरत नाही. तो जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मोबाइलमधले सगळे नंबर आणि त्यामागचा विश्वास जातो. नवा माणूस नेमता येतो, पण दाराआडच्या आईने त्याला ‘या दादा’ म्हणायला पुन्हा काही वर्षं लागतात.

मोजदादीला माझा विरोध नाही. योग्य ते मोजा, एवढंच म्हणणं आहे. बाल न्याय मंडळापुढे एकदा आलेला मुलगा वर्षभरात पुन्हा आला का, तो कामावर सलग किती महिने टिकला, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसला का, हे मोजता येतं. जखमींची नोंद रुग्णालयाकडून घेता येते.

मंडळाचा विषय निघाला आहे तर थोडं थांबते. २०१५ चा बाल न्याय कायदा चांगला आहे. चोवीस तासांत मुलाला मंडळापुढे हजर करायचं, बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचं नाही, आणि त्याची ओळख उघड होईल असं काहीही छापायचं नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा की नाही ते ठरतं. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलगा गाडी चालवत असताना झालेल्या अपघातानंतर, त्याच्या जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. मात्र त्या संतापात प्रौढ म्हणून खटला चालवण्याचं वय आणखी खाली आणण्याची मागणी पुढे आली. तिची किंमत मोजतील ती वस्तीतली पोरं, ज्यांच्यासाठी धडपणे सामाजिक तपासणी अहवाल लिहायलाही परिविक्षा अधिकाऱ्याला वेळ मिळत नाही. निरीक्षणगृहातून मुलगा ज्या दिवशी घरी येतो, त्याच संध्याकाळी जुने मित्र त्याला न्यायला येतात, फटाके वाजवतात, स्टेटस ठेवतात. त्या संध्याकाळी आपला माणूस त्यांच्याआधी तिथे पोचलेला असावा लागतो. आरोपींची वस्तीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ बघून ज्यांना बरं वाटतं, त्यांना मी सांगते की बारा-तेरा वर्षांची पोरंही तोच व्हिडिओ गाणं लावून फिरवतात.

मुलींबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण मी संपवू शकत नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणाने कोयता घेऊन एका मुलीचा पाठलाग केला. नकार त्याला पचला नव्हता. तिला वाचवायला जे धावले तेही तरुणच होते, शिकायला पुण्यात आलेले. आपण टोळीच्या हिंसेबद्दल खूप बोलतो आणि या हिंसेला प्रेमप्रकरण म्हणून बाजूला ठेवतो. दोन्हींच्या मुळाशी माझी जागा, माझी इज्जत, माझी मुलगी हाच हक्क आहे. नकार ऐकून घरी कसं जायचं, हे कुणीतरी मुलांना शिकवायला हवं, आणि आपल्या मैदानांवर पोरींनाही तितकाच वेळ आणि जागा मिळायला हवी. ज्या संस्थेत एकही महिला कार्यकर्ता पूर्णवेळ नाही, तिने आपलं अंदाजपत्रक आधी त्यासाठी बदलावं.

दुपारच्या सत्रात तुमच्यापुढे एक ठराव येईल. त्यात तीन मागण्या आहेत. निधीचा मोठा हिस्सा पगारासाठी वापरता यावा आणि त्याची हमी किमान पाच वर्षांची असावी. महिला व बालविकास विभागाने निरीक्षणगृहातून घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे एका नेमलेल्या कार्यकर्त्याचं मानधन द्यावं. आणि ससूनपासून सुरुवात करून अपघात विभागांत आपल्या माणसांना बसायला परवानगी मिळावी. मी स्वतः त्यात एक कलम घातलं आहे, ते आपल्यालाच लागू आहे. आपल्या कार्यकर्त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्य विमा भरल्याशिवाय कुठल्याही सदस्य संस्थेने नवा प्रकल्प हाती घ्यायचा नाही. काहींना हे जड वाटेल, मला त्याची कल्पना आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आपली हिशेबपत्रकं घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यावं, आपण आकडे समोर ठेवून बसू. मतदान तीन वाजता आहे.