चंदीगडची चित्रपटगृहे



चित्रपटगृह म्हटले की आम्हां सुरतेतील मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे रोषणाई, भडक फलक आणि तिकिटाच्या खिडकीपाशी उडालेली झुंबड उभी राहते. गेल्या दिवाळीच्या सुटीत चंदीगडास जाणे घडले, आणि सतराव्या सेक्टरातील ‘नीलम’ पाहून मी थबकलो. विटा आणि काँक्रीट यांची साधी, गंभीर इमारत. घुमट नाही, नक्षी नाही.

ल कॉर्बुझिए यांनी 1951 मध्ये या नगराचा आराखडा केला, हे आपण जाणताच. परंतु ‘नीलम’ची रचना आदित्य प्रकाश या भारतीय वास्तुविशारदाची आहे. 1924 साली जन्मलेले, विलायतेत शिकलेले हे गृहस्थ 1952 मध्ये चंदीगडच्या कामावर रुजू झाले. चित्रपटगृहास खिडक्या नकोत, अंधार हवा. म्हणून त्याच्या भिंती कोऱ्याच राहावयाच्या. इतरत्र हा कोरेपणा खोट्या दर्शनी भागाने झाकतात. येथे तो झाकलेला नाही. आत काय चालते ते इमारत बाहेरूनच सांगते. मला तर हा प्रामाणिकपणा, वर्गात कितीही सांगितला तरी मुलांना न पटणारा, तेथे मूर्तिमंत दिसला.

रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त, म्हणजे 1961 साली, तेथे टागोर थिएटर उभे राहिले. तेही विटांचे आणि आदित्य प्रकाश यांचेच. ते स्वतः नाटकांत भूमिका करीत. तेव्हा रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या नटास काय हवे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसावे. पुढे नूतनीकरणात या नाट्यगृहाचा अंतर्भाग पार बदलला गेला. यंत्रे जुनी होतात, खुर्च्या मोडतात, हे मान्य. पण नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंती राखून आतले सारे बदलणे याला जतन म्हणणे मला जड जाते. नट आणि प्रेक्षक यांतील अंतर, आवाजाची फेक, हे सारे आतच असते ना? ‘केसी’ चित्रपटगृहाच्या तर बाहेरच्या भिंतीही उरल्या नाहीत; ते पाडले गेले.

ऑगस्ट 2008 मध्ये आदित्य प्रकाश एका नाटकात काम करण्यासाठी मुंबईस निघाले होते. वय चौऱ्याऐंशी. वाटेत आगगाडीतच त्यांचे निधन झाले. उत्तरेकडून मुंबईस जाणाऱ्या कित्येक गाड्या आमच्या सुरत स्थानकावर थांबतात. हल्ली फलाटावर उभा असलो की त्या प्रयोगाची आठवण होते.