ग्रीक तत्त्वज्ञांचा देव



होमर आणि हेसिअड यांच्या काव्यांतले देव चोरी करतात, व्यभिचार करतात, एकमेकांना फसवतात. ग्रीक मुलं हीच काव्यं पाठ करत वाढायची. त्याविरुद्ध खणखणीत आवाज उठवला तो क्झेनोफेनीसनं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला हा कवी आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या कोलोफोन गावचा. तरुणपणीच गाव सुटलं आणि पुढचं दीर्घ आयुष्य ग्रीक जगात भटकण्यात गेलं. देशोदेशीचे देव पाहून तो म्हणाला, इथिओपियातल्या लोकांचे देव काळे नि नकटे, थ्रेसमधल्यांचे निळ्या डोळ्यांचे, तांबूस केसांचे. बैलाघोड्यांना हात असते तर त्यांनीही आपापल्या रूपाचेच देव चितारले असते!

पुष्कळांना तो यामुळे नास्तिक वाटतो. मला तो देवाच्या थोरवीसाठी तळमळणारा माणूस वाटतो. कारण पुढे तो सांगतो, की सर्वांत थोर असा एक देव आहे. देहानं किंवा विचारानं तो माणसासारखा नाही. जागचा न हलता, केवळ मनाच्या बळावर तो सारं विश्व हलवतो.

प्लेटोनं हीच शुद्धी पुढे नेली. देव चांगलाच असतो, वाइटाचं कारण तो होऊ शकत नाही, हा नियम त्यानं आपल्या आदर्श राज्यातल्या कवींना घालून दिला.

मग आला ॲरिस्टॉटल. प्रत्येक गतीमागे दुसरी गती, तिच्यामागे तिसरी. ही साखळी कुठंतरी थांबायलाच हवी. ती थांबते तिथं देव आहे, स्वतः अचल राहून सर्वांना चालवणारा. तो ढकलत नाही. प्रिय व्यक्तीची ओढ लागावी तशी त्याची ओढ विश्वाला लागते. तो अखंड चिंतन करतो आणि चिंतनाचा विषयही तो स्वतःच. मानवी बुद्धीनं घेतलेली ही फार मोठी झेप आहे. पण या देवाला आपलं नावगावही ठाऊक नाही. त्याच्यापुढे हात जोडून काय मागायचं?

त्याचं उत्तर मला क्लिअँथीसपाशी सापडतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अथेन्समधल्या स्टोइक पंथाची धुरा त्यानं वाहिली. रात्री बागांना पाणी घालून तो पोट भरायचा आणि दिवसा तत्त्वज्ञान शिकायचा, असं त्याच्याविषयी सांगतात. स्टोइकांचा देव म्हणजे सृष्टीच्या कणाकणात भरलेली बुद्धी. त्या देवाला झ्यूस म्हणून हाक मारत क्लिअँथीसनं एक स्तोत्र रचलं. ते आजही उपलब्ध आहे. त्यात तो धन मागत नाही, दीर्घायुष्यही मागत नाही. माणसांच्या मनातलं अज्ञान दूर कर, एवढंच त्याचं मागणं आहे.