बांधावरची चिंच उतरवताना

बांधावरची जुनी चिंच गोठ्यावर झुकली, तर आधी अर्ज करा. चिंच आणि आंबा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीची चौकशी वनखात्याकडे करा. अहिल्यानगर शहरात मात्र महापालिकेकडे.

मग व्यवहार. काम उक्तं देण्याआधी छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. फांद्या दोराने उतरतील की क्रेन लागेल, विहीर आणि वीजतारा किती जवळ, यावर मजुरी ठरते. खरी फसगत लाकडात होते. चिंचेचा बुंधा चिवट. घाण्याला, खाटकाच्या ओंडक्याला चालणारा. तो सरपणाच्या भावात देऊ नका! बुडखा उपटायचा जेसीबी दरात धरलाय का, तेही विचारा. तारांखाली काम असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घ्या. आणि पूर्ण पैसे? फांद्या उचलून झाल्यावरच.