राबणे वेगळे, व्यायाम वेगळा
(गावकरी आणि महिला मंडळ यांच्यापुढे दिलेले भाषण)



व्यायाम म्हटला की आपल्याला तालीम आठवते. जोर, बैठका, कुस्ती आठवते. पण आज मला गरोदर बाईच्या व्यायामाविषयी बोलायचे आहे. हसू नका. हा दोन जिवांचा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमच्या बायका दिवसभर राबतात. त्यांना आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून एक गोष्ट आधी समजून घेऊ. राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा.

डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन चढ चढायचा. सरपणाची मोळी आणायची. दिवसभर वाकून भातलावणी करायची. हे झाले राबणे. त्यात अंग मोडून जाते. दमले तरी थांबता येत नाही. बाई जे अन्न खाते, त्यातले पुष्कळसे या कष्टातच खर्च होते. मग बाळाच्या वाट्याला काय उरणार?

हे मी मनचे सांगत नाही. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांची पाहणी केली. ज्यांना कष्ट जास्त होते, त्यांची बाळे जन्मताना वजनाने थोडी कमी भरली. बाळांच्या डोक्याचा आणि दंडाचा घेरही थोडा लहान निघाला. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायका पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे चांगली भरली होती.

आता दुसरी बाजू पाहा. काही घरांत सुनेला दिवस गेले, की तिला खाटेवरून उतरू देत नाहीत. त्यात माया असते, हे खरे. पण नुसते बसून वजन फार वाढते. गरोदरपणात रक्तातली साखर वाढण्याचा आणि रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो. त्याचा त्रास आईला होतो, बाळालाही होतो.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की प्रकृती ठीक असलेल्या गरोदर बाईने आठवड्यात १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, असे पाच दिवस. याला खर्च नाही. सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, सपाट वाटेने, मोकळ्या हाताने चालावे. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली, तर चाल कमी करावी. उपाशीपोटी चालू नये. पाणी प्यावे. दिवस भरत आले, की फार वेळ उताणे निजू नये, कुशीवर निजावे. ओटीपोटाच्या स्नायूंचे हलके व्यायामही असतात. ते आशाताईंकडून किंवा नर्सबाईंकडून शिकून घ्यावेत.

अशा व्यायामाने गर्भ पडतो, ही भीती खोटी आहे. प्रकृती ठीक असेल तर तसे होत नाही. उलट मन प्रसन्न राहते. साखर आणि रक्तदाब यांचा धोका कमी होतो.

पण प्रत्येकीची प्रकृती सारखी नसते. म्हणून आधी तपासणी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ साली सुरू झाली. रक्त फार कमी असेल, रक्तदाब फार चढला असेल, पोटात जुळे असेल किंवा पूर्वी दिवसाआधी बाळंतपण झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नका.

आणि ही लक्षणे पाठ करा. अंगावरून रक्त जाणे. पाणी जाणे. पोटात कळा येणे. चक्कर येणे. छातीत दुखणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. बाळाची हालचाल कमी होणे. यांतले एक जरी दिसले, तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा आणि दवाखाना गाठा.

शेवटचे सांगणे पुरुष मंडळींना आणि सासूबाईंना आहे. बाई अर्धा तास चालायला जाईल, ती कधी? तिच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्या कोणी उचलला, तरच. नवऱ्याने पाणी भरले म्हणून त्याच्या मिशीचा पीळ उतरत नाही. सासूबाईंनी दुपारी सुनेला तासभर पडू दिले, तर घराचा गाडा अडत नाही. सुनेला सगळ्यांच्या शेवटी नव्हे, सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. तिच्या ताटात पालेभाजी आणि डाळ आहे ना, ते पाहा. लोहाच्या गोळ्या ती रोज घेते का, ते विचारा.

आपल्या आळीत आज कोणाकोणाला दिवस गेले आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्या घरचे पाणी उद्या सकाळी कोण भरणार, ते आज रात्री घरात बसून ठरवा. एवढे केलेत, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.