आगगाडीचा भाग घेताना



आगगाडीचे तिकीट आपण पुष्कळदा काढतो. पण त्या गाडीच्या मालकीचा एक लहानसा हिस्सा विकत घ्यावा, असे काही आपल्या मनात येत नाही. आपली रेल्वे पडली सरकारची. अमेरिकेत मात्र मालवाहतुकीच्या मोठ्या रेल्वे खासगी कंपन्यांच्या आहेत, आणि बहुतेकींचे भाग, म्हणजे शेअर, बाजारात विकले जातात. असा शेअर पारखावा कसा? आणि ज्याच्या धर्माला व्याज मंजूर नाही, अशा मुसलमान गृहस्थाने तो घ्यावा का? एकच कंपनी समोर ठेवून पाहू.

तिचे नाव युनियन पॅसिफिक. १८६२ च्या कायद्याने ती जन्मली. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतात प्रोमोंटरी येथे तिचे रूळ पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिकच्या रुळांना मिळाले. आज २३ राज्यांत सुमारे ३२ हजार मैलांचा तिचा लोहमार्ग आहे. त्यावरून धान्य, कोळसा, रसायने, मोटारी जातात.

आधी व्यवहाराची पारख करू. डबे भरलेले असोत की रिकामे, रूळ, पूल आणि इंजिने यांचा खर्च काही चुकत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा, की शंभर डॉलर आले तर गाडी चालवण्यात किती गेले? २०२४ साली या कंपनीचे साठाच्या आतच गेले. उरलेल्या चाळिसांतून व्याज आणि कर भागवायचे. त्यानंतर भागधारकाची पाळी. दुसरा प्रश्न, मार्ग व सामग्री यांच्या नूतनीकरणावर पुरेसा पैसा लागतो आहे ना? तो वाचवून दाखवलेला नफा म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे होय. तिसरा प्रश्न कर्जाचा. मंदीत माल घटतो, व्याज मात्र घटत नाही. १८९३ च्या मंदीत हीच कंपनी दिवाळ्यात निघाली होती, हे विसरू नये.

आता धर्माची पारख. इस्लामी शास्त्राप्रमाणे शेअर म्हणजे भागीदारी. नफा घ्यायचा तर तोट्याची जोखीमही घ्यावी, म्हणून भागीदारी चालते. ठरीव व्याज चालत नाही. मग पहिली पाहणी धंद्याची. माल वाहणे हा मुळात निषिद्ध धंदा नव्हे. डब्यांत एखादे वेळी मद्य असते आणि बँकेतल्या शिलकेवर थोडे व्याजही येते. बहारीनमधील ‘आओइफी’ या संस्थेच्या नियमाप्रमाणे अशी अग्राह्य प्राप्ती एकूण प्राप्तीच्या शेकडा ५ पेक्षा जास्त नसावी. तिच्यातून आलेला लाभांशाचा अंश भागधारकाने दान करून टाकावा. तोही पुण्य जोडण्यासाठी नव्हे, तर जे आपले नाही ते घरात राहू नये म्हणून.

खरी अडचण पुढेच आहे. याच संस्थेच्या नियमाप्रमाणे व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या शेकडा ३० च्या आत हवे. २०२४ अखेर युनियन पॅसिफिकचे कर्ज सुमारे ३१ अब्ज डॉलर होते आणि बाजारमूल्य सुमारे १३८ अब्ज. म्हणजे शेकडा तेवीसच्या आसपास, कंपनी उत्तीर्ण! पण एफटीएसईच्या शरिया निर्देशांकासारखे काही निर्देशांक कर्जाची तुलना एकूण मालमत्तेशी करतात आणि एक तृतीयांशाची मर्यादा घालतात. मालमत्ता होती सुमारे ६८ अब्ज. प्रमाण निघाले शेकडा पंचेचाळीसच्या वर; कंपनी नापास! कर्ज तेच, रूळ तेच, निकाल मात्र उलटा. इतकेच नव्हे, तर बाजारभाव उतरून मूल्य १०० अब्जांवर आले, तर एक डॉलरही नवे कर्ज न काढता ती पहिल्या मापानेही नापास होईल.

मग ही पारख निरर्थक का? मला तसे वाटत नाही. व्याजी कर्ज किती, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आणि सावध व्यापाऱ्याचा प्रश्न अखेर एकच आहे. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींना व्याजाचा लवलेशही नको. कोणते मत मानावे, हे ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या जाणत्याला विचारून ठरवावे. पण ते कंपनीचे आकडे पाहण्याआधी ठरवावे आणि दरवर्षी त्याच मापाने मोजावे. आवडलेली कंपनी बसेल असे माप मागाहून शोधणे म्हणजे घेण्याची पायली एक आणि देण्याची दुसरी ठेवण्यासारखे आहे. असा दुकानदार गावात किती दिवस टिकतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.